आक्काच्या घराची चतुःसीमा

अडतीस वर्षं मोजणी खात्यात काढली मी. ऊन, चिखल, साखळ्या, भांडणारे सख्खे भाऊ, बांध कोरणारे सज्जन, सगळं बघितलं. बांधावर कुऱ्हाड घेऊन उभा राहिलेला माणूससुद्धा मी नकाशा उघडला की आवाज खाली करायचा. माझी मोजणी चुकली असं तोंडावर म्हणायची कुणाची छाती झाली नाही. आणि तोच मी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, न्यूझीलंडमध्ये लेकीच्या स्वयंपाकघरात बसून असं काही टिपण केलं की चौऱ्याऐंशी वर्षांची एक बाई भलत्याच गावाला निघाली! तेही आयुष्यात एकदाच जायचं असताना. पहिल्यापासून सांगतो. सांगताना माझा आवाज चढतो, तेवढं सांभाळून घ्या.

लेक शिकायला म्हणून ऑकलंडला आली आणि इथलीच होऊन गेली. शहरात आयटीची नोकरी, हेन्डरसनला घर. सकाळी ट्रेनने जाते, दिवेलागणीला येते. मी आणि ही एप्रिलमध्ये आलो, सहा महिन्यांच्या मुक्कामाला. पहिल्याच आठवड्यात मी एक पराक्रम केला. गावाकडच्या सवयीने घराच्या दक्षिणेला खुर्ची टाकली आणि ऊन खायला बसलो. अर्धा तास झाला, तास झाला, ऊन काही येईना. दात मात्र वाजायला लागले. लेक बाहेर आली आणि पोट धरून हसली. "बाबा, इथे सूर्य उत्तरेच्या अंगाने जातो. डेक त्या बाजूला आहे ना!"

"माहितेय मला," मी गुरकावलो. माहीत होतंच हो. शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. खुर्ची उचलली आणि गपगुमान डेकवर जाऊन बसलो.

शेजारच्या बाईंना हिने पहिल्या दिवशीच आक्का करून टाकलं. बाई आमच्याहून मोठ्या, एकट्या राहणाऱ्या, ताठ कण्याच्या. अंगात जाड स्वेटर आणि कडाक्याच्या थंडीतही पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. त्यांच्या लिंबाच्या झाडाची एक फांदी कुंपणावरून आमच्याकडे आलेली. ही म्हणायची, "आक्का, दोन लिंबं घेऊ का?" मराठीत. त्या म्हणायच्या, "हीप्स आहेत, ढीगभर, घे गं घे," इंग्रजीत. आणि दोघींच्या तासन्‌तास गप्पा चालायच्या. माझं इंग्रजी हिच्यापेक्षा कितीतरी बरं, तरी मला इतकं जमलं नाही. असो.

मे संपता संपता एक दिवस आक्का बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा छातीशी धरून आमच्याकडे आल्या. रविवार होता, लेक घरी होती. डबा टेबलावर ठेवून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही जमिनी मोजायचात ना? सर्व्हेअर ना तुम्ही? मग मला माझं घर शोधून द्या."

मी म्हटलं, "कुठलं घर?"

"तेच तर माहीत नाही!"

काय बाई आहे, असं मनात आलं. पण मग त्या बोलायला लागल्या, लेक अडेल तिथे मला मराठीत सांगत होती, आणि मी चहा गार झाला तरी कपाला हात लावला नाही.

आक्कांचे आजोबा युरोपातल्या एका समुद्राकाठच्या खेड्यातून पोटापाण्यासाठी इकडे आले. तेव्हा ते गाव ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या राज्यात होतं. आजोबांनी इथल्या जमिनीतून झाडांचा जुना डिंक खणून विकला, मग हेन्डरसनला द्राक्षाचा मळा लावला आणि बायकोला आणि मुलाला बोलावून घेतलं. तो मुलगा म्हणजे आक्कांचे वडील. गाव सुटलं तेव्हा सात वर्षांचे होते. पुन्हा कधी गेले नाहीत. पण घराचं वर्णन मात्र रोज! आक्का लहान असताना रोज जेवणानंतर ते त्या घराच्या दारात जाऊन उभे राहायचे, म्हणजे इथेच, स्वयंपाकघराच्या मध्यावर उभं राहून हात करून दाखवायचे, इकडे हे, तिकडे ते. आक्कांचा भाऊ हसायचा. म्हणायचा, सात वर्षांच्या पोराला काय आठवणार, म्हाताऱ्याच्या बाता आहेत. वडील गेले, भाऊही गेला. आता आक्कांना जूनच्या अखेरीला जायचं होतं. भाचा सोबत येणार होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की या हृदयाला एवढा प्रवास एकदाच झेपेल, परत नाव काढू नका.

"मला त्या दारात उभं राहायचंय," आक्का म्हणाल्या. "बाबा उभे राहायचे तसं. बाकी काही नको. पण कुठल्या गावात उतरू? त्या नावाची गावं ढिगाने आहेत!"

आता तुम्ही म्हणाल, कागदपत्रं असतील की. होती ना! डब्यात दोन कागद होते आणि खरा गोंधळ तिथेच होता. आजोबा इथे स्थिरावले तोच युरोपात पहिलं महायुद्ध पेटलं. ऑस्ट्रिया शत्रूच्या गटात. झालं! ज्या बादशहाला शिव्या घालत घर सोडलं, त्याच बादशहाची रयत म्हणून आजोबा इथे कागदावर शत्रू ठरले. नाव नोंदवा, हजेरी द्या, मळ्याबाहेर जायचं तर परवानगी घ्या. त्यातला तो पहिला कागद: गावाचं नाव, पुढे देश, ऑस्ट्रिया. मग युद्ध संपलं, बादशहा गेला, आणि पॅरिसमध्ये तहाची बोलणी सुरू झाली. मोठमोठाली माणसं, मोठमोठाली टेबलं, त्यांवर पसरलेले नकाशे. इटली म्हणतेय, किनारा आणि बेटं आम्हाला कबूल केली होती. तिथले स्लाव लोक म्हणतायत, आमची माणसं तिथे राहतात, आम्हाला आमचं नवं राज्य हवं. दोन वर्षं हा घोळ चालला. शेवटी किनारा बहुतेक नव्या राज्याला गेला, आणि काही बेटं इटलीने पदरात पाडून घेतली. आक्कांचा दुसरा कागद त्यानंतरचा. गाव तेच, पण 'ऑस्ट्रिया'वर एक काट, आणि वर वेगळ्या शाईत नव्या राज्याचं नाव.

ती काट बघितली मात्र आणि माझे कान उभे राहिले. काटीशेजारी सही नव्हती! आमच्याकडे खोडाखोड केली की बाजूला सही, आणि सहीला साक्षीदार. साहेबांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं मला.

"मी शोधतो," मी म्हणालो. अहो, शोधतो काय! मला तर त्या क्षणी पंचवीस वर्षांचा झाल्यासारखं वाटत होतं. निवृत्त झाल्यापासून कुणी मला एक रेघ विचारली नव्हती.

आणि या प्रकाराचा मला घरचाच अनुभव. मी जन्मलो तो निजामाच्या राज्यात. दोन वर्षांचा झालो तोवर निजाम गेला. दहा वर्षांचा झालो तेव्हा हैदराबाद राज्याचे तीन तुकडे केले. आम्ही मुंबई राज्यात गेलो, आणि पुढे महाराष्ट्रात. घर तेच, दारातला गोठा तोच, पण राज्यं मोजा! माझी सख्खी आत्या तीन कोसांवर दिलेली, बिदरच्या बाजूला. तिचं गाव गेलं म्हैसूर राज्यात. तिचा थोरला माझ्या बरोबरीचा. त्याच्या शाळेत कानडी आली तेव्हा तो आमच्याकडे पळून आला आणि गोठ्यात बसून रडत मला म्हणाला, "मी आता पुन्हा पहिलीत बसू का रे?" चौथीत होता बिचारा. ही गोष्ट मी आक्कांना सांगितली, तर त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. हेन्डरसनच्या लायब्ररीत गेलो. तिथल्या मुलीने "किया ओरा" म्हणून स्वागत केलं. मीही ठणकावून "किया ओरा" म्हटलं आणि तिला कामाला लावलं. तिने दोन नकाशे काढून छापून दिले, एक युद्धाआधीचा, एक तहानंतरचा. माप वेगवेगळं! पण आम्ही काय कमी आहोत? एक दुकानातून मोठा करून आणला. मग ट्रेसिंग पेपर हवा, तो मिळेना. म्हणून लेकीच्या कपाटातला बेकिंगचा कागद काढला. खालची रेघ स्वच्छ दिसते त्यातून, अप्रतिम कागद! जुना नकाशा, त्यावर नवी हद्द, एका दमात ओढली. टेबल सगळं युरोपने भरलेलं. ही हातात लाटणं घेऊन उभी. "अहो, तुमचा तह झाला की सांगा. मला पोळ्या लाटायच्यात."

"तिकडे दोन वर्षं लागली," मी म्हटलं. "तू दोन दिवस दम धर."

आक्कांच्या गावाच्या नावाचा अर्थ साधारण 'डोंगरपायथा'. आमच्याकडे जशी पिंपळगावं, तशी तिकडे ही. सात सापडली. पाच समुद्रापासून लांब, डोंगरात, ती बाद. उरली दोन. दोन्ही बेटांवर, दोन्ही पाण्याकाठी. आणि गंमत बघा, एक बेट तहात नव्या राज्याला गेलेलं, दुसरं इटलीने घेतलेलं! मी टेबलावर अशी थाप मारली की हिचं पीठ उडालं.

आता दोनातलं एक कसं ठरवायचं? मी आक्कांना म्हटलं, "चतुःसीमा सांगा." आमच्याकडे घराचा, शेताचा कागद करताना चारी बाजूंना काय आहे ते लिहितात. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस देऊळ. राजा बदलतो, तालुका बदलतो, गावाचं नावसुद्धा बदलतं. ओढा कुठे जातो? आक्कांना ही कल्पना इतकी आवडली की त्या खुर्चीत सरसावून बसल्या. "असं मला कुणी कधी विचारलंच नाही," म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

"दार समुद्राकडे. दारात दिवसभर ऊन. पाठीशी डोंगर, गार वारा त्याच्यावरच अडतो. दारातून बाहेर पडून डावीकडे चर्च. सूर्य चर्चच्या मनोऱ्यामागून वर येतो. उजवीकडे विहीर. आणि चर्च आणि विहीर यांच्यामध्ये आमचं एकच घर." मग डोळे उघडून म्हणाल्या, "म्हणजे घराचं तोंड उत्तरेला."

मी लगेच वहीत लिहून घेतलं. उत्तरेस समुद्र. दक्षिणेस डोंगर. पूर्वेस, डावीकडे, चर्च, कारण सूर्य तिथून उगवतो. पश्चिमेस विहीर. लिहिलं आणि थांबलो.

"आक्का, थोडी गडबड आहे. उत्तरेला तोंड करून उभं राहिलं तर पूर्व उजव्या हाताला येते. चर्च डावीकडे असूच शकत नाही. उजवीकडे पाहिजे."

"बाबा डावा हात दाखवायचे," आक्का म्हणाल्या, आणि त्यांचा डावा हात आपोआप वर गेला.

"सात वर्षांचं पोर हो. डावं-उजवं चुकतंच. तुमच्या वडिलांची गल्लत झाली," मी म्हणालो. कसा म्हणालो! साहेबी थाटात, पेन फिरवत.

आक्कांचा हात खाली आला. "माझा भाऊ हेच म्हणायचा," त्या हळूच म्हणाल्या. हिने माझ्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर खुर्चीसकट मागे सरकला असता. पण माझं लक्ष कुठे होतं? मी 'डावीकडे'वर काट मारली, 'उजवीकडे' लिहिलं. सही? केली नाही. मग नकाशावर बघितलं. नव्या राज्याच्या बेटावरचं गाव उत्तर किनाऱ्यावर. समोर समुद्र, मागे डोंगर. दुसऱ्या कागदावरही त्याच राज्याचं नाव. सगळं जुळलं! मी ते गाव लाल पेनाने गोल केलं आणि ओरडलो, "सापडलं!" हिने शिरा केला, लेकीने फोटो काढले, आणि आक्कांच्या भाच्याने त्याच दिवशी त्या गावात खोली घेऊन टाकली. आक्का हसत होत्या, शिरा खात होत्या. फक्त एकदा म्हणाल्या, "बाबांचं एवढं सोडलं तर सगळं बरोबर होतं, नाही?" मी म्हटलं, "होतं की."

आक्कांना निघायला दोन दिवस राहिले. हिने आक्कांच्या लिंबांचं लोणचं घातलेलं. मसाला आणायला लेकीने शनिवारी सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांपर्यंत गाडी काढली होती. आता बरणीला ऊन दाखवायचं होतं. ही आत कामात होती, म्हणून मला म्हणाली, "एवढी बरणी उन्हात ठेवा." मी बरणी उचलली आणि नकाशाच्याच तंद्रीत घराला वळसा घालून गेलो. ही दाराशी आली आणि कपाळावर हात मारला.

"अहो, तिकडं कुठं? तिकडं दक्षिण आहे! दोन महिने झाले तरी कळेना होय? इथं दिवसभराचं ऊन उत्तरेला. तुमच्या गावाकडं दक्षिणेला असतं. इथं सगळं उलटं!"

मी बरणी हातात घेऊन तसाच उभा.

दिवसभर ऊन. म्हणजे उत्तर. कुणाला? इथल्याला! आक्का जन्मल्या इथे, वाढल्या इथे. इथे घराला ऊन पाहिजे तर उत्तरमुखी घर घेतात; गार वारा दक्षिणेकडून येतो. वडील म्हणाले 'दारात दिवसभर ऊन', 'पाठीशी डोंगर, गार वारा अडतो', आणि आक्कांनी त्याची उत्तर-दक्षिण केली, इथल्या सूर्याने! पण ते घर कुठे? युरोपात! तिथे ऊन दक्षिणेचं, गार वारा उत्तरेचा. घराचं तोंड दक्षिणेला! आणि दक्षिणेला तोंड केलं की पूर्व कुठल्या हाताला येते? मी बरणी छातीशी धरून, तिथेच ओल्या गवतात, दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिलो.

डाव्या हाताला!

"अगं!" मी असा ओरडलो की हिला वाटलं बरणी फुटली. "अगं, मी गाढव आहे! शुद्ध गाढव!"

"ते मला ठाऊक आहे," ही म्हणाली. "पण झालं काय?"

झालं काय! मालकाच्या शब्दावर कधी दिशा लिहायची नाही, जागेवर उभं राहून सूर्य बघून लिहायची, हे मी कित्येक नव्या पोरांना दरडावून शिकवलेलं. आणि इथे मी एका बाईच्या तोंडची उत्तर लिहून घेतली आणि तिच्या बापाचा डावा हात खोडला! जो एकटा माणूस त्या दारात प्रत्यक्ष उभा राहिला होता, त्याचाच! मी बरणी हिच्या हातात कोंबली आणि घरातल्या चपलांनी कुंपणाकडे पळालो. पळालो म्हणजे या वयात जेवढं पळता येतं तेवढं.

आक्कांच्या घरात दोन बॅगा भरून उभ्या होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं. इंग्रजी तुटत होतं, मराठी मधे घुसत होती, हातवारे चालू होते. मी त्यांना मधोमध उभं केलं. "हे दार. तुम्ही इकडे बघा. आता ऊन समोरून. सूर्य उगवतो इकडे. कुठला हात?"

आक्कांनी हात वर केला. डावा. आणि त्या हाताकडेच बघत राहिल्या.

"म्हणजे बाबांचं बरोबर होतं?"

"मला वाटतं, होतं. दुसरं गाव. दक्षिण किनाऱ्यावरचं. इटलीकडे गेलेल्या बेटावरचं."

"पण कागदावर तर नवं राज्य लिहिलंय."

"कुणीतरी कारकुनाने लिहिलंय! त्याला वाटलं ऑस्ट्रिया गेला म्हणजे सगळेच नव्या राज्यात गेले. तुमच्या आजोबांना विचारलं असेल असं मला नाही वाटत. आणि विचारलं असतं तरी ते बोलले असते? एकदा कागदावर शत्रू ठरलेला माणूस. आता म्हणायचं, नाही हो, माझं गाव इटलीत गेलं? गप्प बसले असणार."

आक्का बॅगेवर बसल्या. मला वाटलं रागावतील. रागावल्या असत्या तरी मी ऐकून घेतलं असतं. पण त्यांनी भाच्याला फोन लावला. भाचा वैतागला. खोली झालीय, गाडी झालीय, आता दुसरं बेट, दुसरी बोट? आणि तेही चुकलं तर? आक्का फोनमध्ये एवढंच म्हणाल्या, "सर्व्हेअर म्हणतायत, डावीकडे. बाबा म्हणायचे, डावीकडे. मी डावीकडे जाणार." त्या गेल्या तेव्हा हिने त्यांच्या पिशवीत लोणच्याची छोटी बाटली घातली आणि मला म्हणाली, "आता देव पाण्यात घालून बसा."

खरंच तसा बसलो. पुढचे सहा दिवस जेवण गेलं नाही मला. मला खात्री होती आणि नव्हतीही. गाव ठरलं होतं, पण त्या गावात चर्च असेल? विहीर उरली असेल? शंभरावर वर्षं झाली! तिथे नुसतं गाड्यांचं पार्किंग निघालं तर? मी बेकिंगच्या कागदावरची हद्द पुन्हा पुन्हा तपासत होतो. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही आजारी पडाल." मी म्हटलं, "पडू दे."

सातव्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळचे साडेसात. भाच्याच्या हातात फोन, चित्र हलतंय, आणि मधे आक्का. मागे दगडी भिंत, एक निळं बंद दार, दाराला एक झिजलेली पायरी.

"सर्व्हेअर!" आक्का ओरडल्या. "कशी उभी राहू, सांगा!"

माझा आवाज एकदम शेताच्या बांधावरचा झाला. "दाराला पाठ! अजून मागे. पायरीवर चढा. हां. हलू नका. समोर काय?"

"समुद्र!"

"मागे?"

"डोंगर! घराला टेकलाय जवळजवळ!"

"उजवीकडे?"

भाच्याने फोन फिरवला. विहीर. गोल दगडी कठडा, वर लोखंडी झाकण, झाकणावर एक मांजर. ही टाळ्या वाजवायला लागली. मी पडद्यावर आणखी वाकलो.

"आक्का," मी म्हणालो, "आता डावा हात वर करा."

आक्कांनी हात वर केला. भाच्याने फोन हाताच्या रोखाने नेला. आणि अहो, तिथे होतं! लहानसं, पांढरं चर्च, बुटका मनोरा, आणि त्या मनोऱ्याच्या खांद्यावर सकाळचा सूर्य! मधे एकही दुसरं घर नाही. कॅमेऱ्यात नुसता उजेड भरला. इकडे मी हमसून हमसून रडत होतो. लेकीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ही म्हणाली, "रडता काय, विचारा त्यांना, लोणचं फुटलं नाही ना!" आणि पदराने स्वतःचेच डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर आक्कांचा फोटो आलेला. तिकडच्या दुपारचा. त्या पायरीवर बसलेल्या, जँडल्स बाजूला काढून ठेवलेल्या, आणि दार, भिंत, पायरी, आक्का, सगळं लख्ख उन्हात. खाली लिहिलं होतं: सकाळपासून इथेच बसलेय. दिवसभर ऊन आहे. बाबांनी सगळं बरोबर सांगितलं होतं ना?

मी वही आणली. 'उत्तरेस समुद्र' यावर काट मारली, 'दक्षिणेस' लिहिलं. 'दक्षिणेस डोंगर' खोडून 'उत्तरेस' केलं. 'उजवीकडे' खोडलं आणि पहिल्यासारखं 'डावीकडे' लिहिलं. प्रत्येक काटीशेजारी सही केली. साक्षीदार म्हणून हिला सही करायला लावली. तिने पिठाचे हात पुसून, एकेक अक्षर नीट काढत केली. त्या पानाचा फोटो आक्कांना पाठवला आणि खाली लेकीकडून लिहवून घेतलं: सगळं बरोबर सांगितलं होतं, आक्का. चूक माझी होती.